दुसरी-तिसरीला विशेषणं शिकवताय? आधी तो तक्ता उतरवा

नवीन लागलेल्या बाई-सरांसाठी लिहितेय, त्यामुळे व्याख्या वगैरे सांगत बसत नाही. खरा घोळ भिंतीवरच्या तक्त्यात असतो. व्हॉट्सॲपवर 'शंभर विशेषणं' असली पीडीएफ येते, आपण रंगीत प्रिंट मारून लॅमिनेट करतो, आणि पोरं 'माझी आई' निबंधात लिहितात, आई सुंदर, टपोरी आणि घनदाट आहे. हसू नका, येतं असंच. त्या वह्या तपासताना मी रडकुंडीला आलेले.

होतं काय, की पोराला शब्द मिळतो पण तो कुणाच्या शेजारी बसतो ते कळत नाही. टपोरा दाणा असतो, थेंब असतो, डोळे असतात. जंगल घनदाट असतं, आई नसते. तक्ता हे सांगत नाही, तो नुसती रांग लावतो, आणि पोरगं रांगेतले पहिले तीन उचलतं कारण बाईंना विशेषणं पाहिजेत एवढंच त्याला कळलेलं असतं. म्हणून शब्द द्यायचाच तर जोडीनं द्या, आणि त्याच्याही आधी वस्तू हातात द्या.

आपल्या सांगलीत वस्तूंना तोटा नाही. हळकुंड, तासगावचे बेदाणे, गुळाचा खडा, भडंग. साताऱ्याकडं असाल तर कंदी पेढा, पण तो लिहायच्या आधीच संपतो. हळकुंड, चिंच, नारळाची शेंडी कापडी पिशवीत टाकायची, न बघता हात घालू द्यायचा आणि विचारायचं, "कसं लागतंय हाताला?" 'विशेषण सांग' म्हणालात की वर्ग गप्प. हळदीची पूड नको बरं का, गणवेश पिवळे झाले की आया शाळेत येतात. भडंगात शेंगदाणे असतात, कुणाला सोसत नसतील तर आधी घरी विचारून घ्या.

पोरगं 'गुळमाट', 'लई खरबरीत' म्हणालं तर तसंच लिहू द्या. प्रमाण शब्दच लिहून घ्या असं सांगणारे सीनियर भेटतील, मान डोलवा आणि लाल पेन खिशात ठेवा.

जत भागात घरी कन्नड बोलणारी मुलं असतात, ती 'मोठा पिशवी' म्हणतात, कारण कन्नडमध्ये 'दोड्ड' सगळ्यांना एकच चालतं. त्यांच्यासाठी सुरुवात गुळगुळीत, कुरकुरीत, आंबट, कडवट, लाल अशा न बदलणाऱ्या शब्दांनी करा, मोठा-मोठी-मोठं नंतर तोंडी येऊ द्या. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नाही.

सुरुवातीला सगळं 'छान'च येणार, घाबरू नका, सगळ्यांच्या वर्गात येतं. चिडायचं नाही, एवढंच विचारायचं, "छान म्हणजे वासाला का चवीला?" आणि एका वाक्यात एकच विशेषण, दुसरं आलं की कुठलं ठेवायचं ते पोरालाच ठरवू द्या.