पावसाळा, चवथ आणि जत्रांचे दिवस ओलांडून आरोग्याच्या सवयी टिकवण्यासाठी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पणजीतील मिरामारच्या किनाऱ्यावर आणि कांपालच्या पदपथावर सकाळी चालणाऱ्यांची जी गर्दी दिसते, ती जून उजाडेपर्यंत बरीच ओसरलेली असते. याला दरवेळी आळसच कारणीभूत असतो असे नाही. बहुतेकांनी आपला बेत कोरड्या, निवांत आणि पाहुण्यारावळ्यांपासून मोकळ्या दिवसांपुरताच आखलेला असतो, आणि गोव्यात असे दिवस सलग फारसे मिळत नाहीत. त्यामुळे उत्साहावर शक्य तितके कमी काम सोपवावे आणि सवय कोणकोणत्या प्रसंगी मोडते हे आधीच ओळखून त्याची तजवीज करून ठेवावी, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

सुरुवात एकाच सवयीने करावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी तेवढे साधते. मात्र पहिल्या दिवसापासून अर्ध्या तासाचाच हट्ट धरू नये. दहा मिनिटे चालावे, पण ती घड्याळाऐवजी रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावीत. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा ऐकू आला की पाव घेऊन घरात ठेवायचा आणि त्याच पावली चालायला निघायचे, किंवा संध्याकाळी देवाकडे दिवा लावून झाला की पाण्याची बाटली भरून फिरायला बाहेर पडायचे, अशी जोडणी आपापल्या घराच्या दिनक्रमातून शोधावी. ‘वेळ मिळेल तेव्हा चालेन’ असे ठरवणाऱ्याला रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि दिवसभराच्या कामाने थकलेले मन तो निर्णय सहसा पुढेच ढकलते.

सवय एकवीस दिवसांत लागते, हा समज आता जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरून आलेला आहे, आणि माझ्या मते त्याने बरेच नुकसान केले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती ठरावीक प्रसंगानंतर रोज करून पाहिली. ती आपोआप घडू लागण्यास साधारणपणे 66 दिवस लागले. मात्र माणसामाणसातला फरक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजली, तर व्यायामाला अधिक काळ लागला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, हे बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे.

गोव्यात खरी परीक्षा पावसाळा घेतो. वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झेलणाऱ्या प्रदेशात फक्त रस्त्यावर चालण्याचा बेत करणे म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा आधीच सोडून देणे होय. म्हणून मे महिन्यातच पावसाळी पर्याय ठरवावा, आणि तोही नेमक्या शब्दांत: ‘निघण्याच्या वेळी पाऊस असेल, तर इमारतीचे जिने दहा मिनिटे चढेन-उतरेन’ किंवा ‘सोप्यावरच (ओसरीवरच) फेऱ्या मारेन’. जुन्या घरांतील राजांगणाभोवतीचा (मधल्या चौकाभोवतीचा) ओटा यासाठी उत्तम. मात्र शेवाळलेल्या किंवा ओल्या फरशीवर पाय घसरण्याचा धोका असतो, तेव्हा तेथे चालणे टाळावे. गुडघे दुखत असतील तर जिन्यांऐवजी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम बरा.

पावसात ताटही बदलते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी मासळी कमी होते आणि पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) खारे मासे, सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), लोणची व पापड यांची जेवणात वर्दळ वाढते. दिवसभरात एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि या पदार्थांमुळे ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. खारे मासे पूर्णपणे सोडण्याची प्रतिज्ञा करणारा गोंयकार पहिल्या मुसळधार पावसातच ती मोडील, असे मला वाटते. त्याऐवजी मासे पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, त्या दिवशीच्या कालवणात वेगळे मीठ घालू नये आणि त्याच ताटात लोणचे व पापड घेऊ नये, हा नियम पाळण्याजोगा आहे.

चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, अडथळा वेगळ्या प्रकारचा असतो, कारण त्या दिवसांत ठिकाणच बदलते. पणजी-म्हापशातील सदनिका बंद करून माणूस मूळ घरी जातो. तेथे नेहमीची वाट, नेहमीची वेळ आणि सवयीला जोडलेली खूण यांपैकी काहीच नसते, शिवाय नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे हाताशी असतात आणि घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या रात्री उशिरापर्यंत चालतात. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आवडीची ध्वनिपुस्तके फक्त व्यायामशाळेतच ऐकण्याची सोय दिलेले लोक सुरुवातीला इतरांपेक्षा 51 टक्के अधिक वेळा तेथे गेले. परंतु हा फरक हळूहळू घटत गेला, आणि तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तर विशेषच. त्यातून दोन गोष्टी घेता येतात. आवडते नाट्यसंगीत फक्त चालतानाच ऐकायचे, असा नेम आरंभी नक्कीच उपयोगी पडतो. मात्र सणानंतरच्या पुनरारंभाची वेगळी तयारी करावीच लागते.

ती तयारी अशी करता येईल. सणाच्या दिवसांत व्यायामाचे फक्त नाव राखावे: पाच मिनिटांची फेरी, तीही शेजाऱ्यांकडची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) पाहायला जाताना झाली तरी चालेल. नेवऱ्या खाव्यात, पण बशीत मोजून घ्याव्यात, डब्यातून थेट नव्हे. उशिरा झोपल्यावर पहाटे उठण्याचा अट्टाहास करू नये. आणि विसर्जनानंतरच्या कोणत्या दिवशी, कोणत्या खुणेनंतर पुन्हा चालायला लागायचे, हे गावी जाण्यापूर्वीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. दिवाळीनंतरच्या जत्रा आणि लग्नसराई यांनाही हीच रीत लागू पडते.

खंड पडलाच, तर राहिलेल्या दिवसांची भरपाई करू नये. चार दिवसांचे चालणे एका रविवारी उरकणाऱ्याचे पाय सोमवारी दुखतात आणि मंगळवारी तो घरीच राहतो. परतीचा पहिला दिवस दहा मिनिटांचाच असावा. दिनदर्शिकेवर झालेल्या दिवसापुढे खूण करावी, चुकलेल्या दिवसापुढे काहीही लिहू नये. सोबतीला कोणी असेल तर उत्तम, परंतु सोबती आला नाही तर आपणही जायचे नाही, हा करार मात्र करू नये.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकारावर औषधे चालू असणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर उपाशीपोटी चालण्याबद्दल स्पष्ट विचारून घ्यावे. वजन रोज पाहू नये, कारण शरीरातील पाण्यामुळे ते दिवसागणिक खाली-वर होते आणि विनाकारण हिरमोड होतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि सकाळी खाण्यापूर्वी पाहिले, तर पुरेसे आहे.