मुंबईच्या बाल्कनीत बटाटे लावायचेत? मग थंडी पकडा

बटाटा कुंडीत येतो का, तर येतो, आणि मुंबईतही येतो. पण वर्षातून एकदाच, आणि ती वेळ चुकली की माती कितीही भारी असू दे, खत कितीही घाला, वर हिरवंगार झाड आणि खाली सुपारीएवढे चार कंद एवढंच हाती लागतं. बहुतेकांचं इथेच बिनसतं, कारण बघितलेला व्हिडिओ कुठल्यातरी थंड देशातला असतो, तिकडे मार्च-एप्रिलमध्ये लावतात म्हणून आपणही मार्चमध्ये लावतो आणि मग म्हणतो मुंबईत बटाटा होत नाही. होतो हो, फक्त कॅलेंडर आपलं धरा.

त्याचं कारण असं की बटाट्याला कंद धरायला रात्रीचा गारवा लागतो. रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर पानांनी बनवलेलं अन्न खाली कंदात जातं, रात्रीसुद्धा उकडत असेल तर तेच अन्न पाला वाढवण्यात संपतं. आता मुंबईचं बघा, जुलैमधल्या रात्रीही पारा २५ च्या आसपास असतो, मे तर विचारूच नका. राहिला डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा सुरुवातीचा भाग. जानेवारीत सांताक्रूझचं सरासरी किमान तापमान १७ च्या आसपास असतं आणि कुलाब्याचं १९ च्या, म्हणजे उपनगरात राहणाऱ्यांना थोडा जास्त फायदा, पण दक्षिण मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनीही नाद सोडायची गरज नाही.

यावरून उलटा हिशोब करा. लावल्यावर साधारण महिना-सव्वा महिन्यात कंद धरायला लागतात आणि पुढचा दीड महिना ते फुगतात. हा फुगायचा काळ मधल्या डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आला पाहिजे, मग लावणी येते नोव्हेंबरमध्ये, साधारण १० ते ३० तारखेच्या दरम्यान. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली असेल तर सुट्टी आहे म्हणून घाई करू नका, त्या उकाड्यात बेणं (म्हणजे लावायचा बटाटा) मातीतच सडतं. आणि डिसेंबर निम्मा गेला असेल तर सरळ पुढच्या वर्षी लावा, कारण फेब्रुवारी संपता संपता उन्हं तापायला लागतात. पुण्याकडे, आंबेगावच्या सातगाव पठारावर वगैरे, पावसाळ्यात बटाटा लावतात हे बऱ्याच जणांनी गावी बघितलेलं असतं, पण ते उंचावरचं थंड पठार आहे, तिथली हवा आपल्या खिडकीत नाही. पावसाळ्यात काहीतरी कंद लावायचाच असेल तर अळू लावा, सुरण लावा, रताळी लावा, ती मुंबईच्या दमट हवेत खूश असतात.

आता बेणं. बाजारातला भाजीचा बटाटा चालतो का हा प्रश्न सगळेच विचारतात. चालू शकतो, पण भरवसा नाही, कारण कोल्ड स्टोरेजमधल्या बऱ्याच मालावर कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं आणि तो बटाटा महिनाभर ठेवला तरी ढिम्म हलत नाही. शिवाय जात कोणती ते कळत नाही आणि रोग घरात येऊ शकतो. म्हणून बियाण्याचा बटाटा मिळाला तर सगळ्यात उत्तम, मंचर, खेड, सातारा बाजूला कोणी नातेवाईक असतील तर किलोभर आणायला सांगा, किलोभरात भरपूर होतं. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जाती सगळ्या 'कुफरी' नावाने ओळखल्या जातात. त्यातली कुफरी पुखराज लवकर भरते म्हणून आपल्या छोट्या थंडीला चांगली, कुफरी सूर्या उष्णता सहन करण्यासाठीच तयार केलेली, आणि कुफरी लवकर ही सुद्धा कमी दिवसांची. यातली कुठलीही मिळाली तर घ्या. उशिरा तयार होणाऱ्या जाती आपल्या कामाच्या नाहीत. आणि यातलं काहीच मिळालं नाही तर घरातल्या टोपलीत ज्या बटाट्याला आपोआप जाड कोंब फुटलेत तो वापरा, कोंब फुटले म्हणजे निदान तो जिवंत आहे.

बेणं लावायच्या आधी दोन-तीन आठवडे उजेडात ठेवायचं. थेट उन्हात नाही हं, खिडकीजवळ सावलीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे (जिथून कोंब फुटतात ते खळगे) वर करून. उजेडात कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे येतात, अर्धा इंच झाले की तयार. कपाटात अंधारात ठेवलं तर पांढरे लांबलचक कोंब येतात आणि हात लागला की मोडतात.

कापायचा की अख्खा लावायचा? गावी कापून लावतात, पण मुंबईच्या दमटपणात कापलेला तुकडा लवकर कुजतो, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ३०-५० ग्रॅमचा, म्हणजे दम आलूला घेतो त्याहून जरासा मोठा, अख्खाच बटाटा लावा. मोठे बटाटेच असतील तर प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असे कापा, कापलेल्या बाजूला राख लावा आणि वाऱ्याला सावलीत दोन दिवस सुकू द्या, कापलेली बाजू हाताला कोरडी लागली की मगच मातीत.

जागा निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात तर मुंबईत भर दुपारी सुद्धा तो जेमतेम अर्ध्या आभाळापर्यंत चढतो. त्यामुळे दक्षिणेकडची बाल्कनी, जी मे महिन्यात सावलीत असते, तिच्यात थंडीत आतपर्यंत ऊन येतं, आणि उत्तरेची बाल्कनी तेव्हा पूर्ण सावलीत जाते. बटाट्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. उत्तरेचीच खिडकी असेल तर बटाटा सोडा, पुदिना-आलं लावा, किंवा सोसायटीला विचारून गच्चीवर जागा घ्या. गच्ची सगळ्यांची असते त्यामुळे आधी परवानगी, आणि कुंड्या विटांवर ठेवा म्हणजे खाली पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. वजनाचाही विचार करा, ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, वीस लिटरची बादली भरली की बघा किती होते. खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये अशा बादल्या अजिबात ठेवू नका, खालून माणसं जात असतात.

भांडं काय घ्यायचं यावर फार डोकं लावू नका. १५ बाय १५ इंची ग्रो बॅग, वीस लिटरची पेंटची बादली (आतून नीट धुतलेली), तांदळाची प्लास्टिकची गोणी कडा दुमडून, जुना क्रेट आतून गोणपाट लावून, सगळं चालतं. खोली निदान फूटभर हवी आणि एका रोपाला दहा-बारा लिटर माती, म्हणजे वीस लिटरच्या बादलीत एक, फार तर दोन बेणी. चार कोंबली की चारही उपाशी राहतात. तळाला आणि बाजूला अगदी खालीही भोकं पाडा, बोट जाईल एवढी, सात-आठ तरी. काळी भांडी दुपारी तापतात आणि माती तापली की कंद वाढायचे थांबतात, म्हणून काळी बॅग असेल तर पश्चिमेच्या बाजूने गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून चुना मारा.

मातीवर मात्र वेळ घालवा, सगळा खेळ तिच्यावर आहे. नर्सरीतली नुसती लाल माती घातली तर पाण्याने ती विटेसारखी घट्ट होते आणि कंदाला फुगायला जागाच राहत नाही. मी सांगते ते प्रमाण असं: दोन भाग लाल माती, दोन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि भाताचा तूस मिळाला तर एक भाग. बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा) आणि एक मूठ बोनमील (हाडांचा चुरा). ताजं शेण अजिबात नको. राखही चिमूटभरच, कारण राखेने, चुन्याने माती अल्कधर्मी झाली की बटाट्याच्या सालीवर खपल्या येतात. घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट असेल तर बेस्ट, पण ते काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालेलं हवं, अर्धवट कुजलेलं घातलं तर आत उष्णता तयार होते आणि बेणं शिजतं. रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं फुकट मिळतात, ती मला फार उपयोगी वाटतात, पण आधी चांगली उन्हात वाळवा नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. वाळलेली चिपाडं कापून वर आच्छादन म्हणून पसरायची.

लावताना भांडं अर्ध्याहून थोडं कमी भरा. त्यावर बेणं कोंब वर करून ठेवा, वरून चार इंच माती, थोडं पाणी. दहा-पंधरा दिवसांत कोंब वर येतो, तोपर्यंत पाणी बेताने, कारण सगळ्यात जास्त बेणी या दिवसांत जास्त पाण्याने सडतात.

मग मातीची भर. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालच्या खोडाच्या टोकाला फुगलेला भाग आहे, आणि ही खोडं बेण्याच्या वरच्या बाजूने फुटतात. म्हणून रोप सहा-सात इंच झालं की वरची चार-पाच पानं बाहेर ठेवून बाकी खोड मातीने झाका, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, भांड्याच्या काठाखाली दोन इंच येईपर्यंत. दोन वेळा भर दिली की पुरे. गोणी वरवर वाढवत न्यायची आणि मजल्या-मजल्यावर बटाटे लागतात, एका टॉवरमधून पोतंभर निघतात असं जे दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका, आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती एकाच थरात कंद धरतात आणि थांबतात. भर देण्याचा खरा उपयोग असा की कंद उजेडापासून झाकलेले राहतात. एका चांगल्या रोपातून अर्धा किलो मिळाला तर छान समजा, किलोच्या जवळ गेलात तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवा.

पाण्याचा नियम सोपा आहे, बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. जानेवारीत कोरडे वारे असतात त्यामुळे गच्चीवर रोजही लागू शकतं, बाल्कनीत दिवसाआड. महत्त्वाचं म्हणजे एकदा पूर्ण सुकवायचं आणि मग भरमसाट ओतायचं असं करू नका, त्याने कंद तडकतात, आतून पोकळ होतात. खत म्हणून पहिला महिनाभर दर दहा दिवसांनी गांडूळखताचं पातळ पाणी, त्यानंतर नत्र (नायट्रोजन) कमी करा म्हणजे शेणपाणी, युरिया वगैरे बंद, नाहीतर पाला माजतो आणि कंद राहतात बाजूला.

कीड फार नाही, पण मावा येतो, पानांच्या मागे बघत जा. बोटांनी चिरडा, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. खालच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके म्हणजे करपा, ती पानं लगेच काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका, आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी घाला. मातीतून बटाटा उघडा पडला तर पतंग त्यावर अंडी घालतो आणि अळी आत बोगदे करते, म्हणून वर चिपाडांचा थर कायम हवा. खरा त्रास मुंबईत कबुतरांचा आणि उंदरांचा, कबुतरं कोवळे शेंडे तोडतात, उंदीर गोणी कुरतडून कंद पळवतात. जाळी लावा, आणि तळमजला किंवा गच्ची असेल तर गोणीऐवजी बादलीच घ्या.

फुलं आली नाहीत म्हणून काळजी नको, काही झाडं फुलतच नाहीत. फुलांनंतर कधी टोमॅटोसारखी हिरवी छोटी फळं धरतात, ती विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर दिसताक्षणी तोडून टाका.

पंच्याहत्तर ते नव्वद दिवसांत पाला पिवळा पडून लोळायला लागतो. तेव्हा पाणी बंद, पाला जमिनीलगत कापा आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, त्याने साल पक्की होते. मग भांडं सरळ प्लास्टिकवर उलटं करा आणि हाताने चाचपून काढा, खुरपं घातलं की बटाटे कापले जातात. अंगठ्याने घासून साल निघाली तर ते बटाटे आधी खाऊन टाका, टिकणारे नाहीत, पण चवीला तेच सगळ्यात सुंदर, नुसते सालासकट मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत परतून बघा. बाकीचे धुवू नका, सावलीत एक-दोन दिवस सुकवून अंधाऱ्या हवेशीर टोपलीत ठेवा, कांद्याबरोबर नको आणि फ्रिजमध्येही नको, फ्रिजमध्ये ते गोड होतात आणि तळले की काळपट पडतात. जे हिरवे झालेत ते खाऊ नका, त्यात सोलानिन नावाचं विष असतं, नुसती साल काढून भागत नाही आणि शिजवूनही ते जात नाही. गाई-बकऱ्यांनाही पाला किंवा हिरवे बटाटे घालू नका.

रिकामी झालेली माती फेकायची नाही. एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लास्टिकखाली ओली करून उन्हात तापवा, मग त्यात मेथी, पालक, गवार काहीही लावा, फक्त टोमॅटो, वांगी, मिरची आणि पुन्हा बटाटा हे वर्षभर नको, ही सगळी एकाच घराण्यातली आहेत आणि रोग एकमेकांना देतात. घरचे बटाटे पुढच्या नोव्हेंबरसाठी बेणं म्हणून ठेवायचा विचारही करू नका, मुंबईच्या उन्हाळ्यात ते मेपर्यंतच कोंब फुटून सुरकुतून जातात. ते खा, आणि ऑक्टोबर लागला की नव्या बेण्यासाठी गावी फोन करा.