आजारी मुलाला शिबिराला पाठवताना: फॉर्मपासून घरी परत येईपर्यंत

मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. गंभीर आजार असलेल्या मुलांसाठी सेवाभावी संस्था निवासी शिबिरं भरवतात, तिथल्या वैद्यकीय पथकातही मी असते. मुलाला पाठवायचा विषय निघाला की आई-बाबा सगळ्यांत आधी विचारतात, तिथे काही झालं तर? प्रश्न अगदी रास्त आहे. चांगल्या शिबिराकडे त्याचं उत्तर तयार असतं, आणि त्यातला बराचसा भाग तुम्हीच घरी बसून लिहून दिलेला असतो. मूल तिथे किती मोकळेपणाने खेळेल हे त्या लिहिण्यावर फार अवलंबून असतं.

शिबिर कसं निवडायचं

अशी शिबिरं आजची नाहीत. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा, आणि १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मधुमेही मुलांचं शिबिर भरलंही होतं. मेन राज्यातलं कॅम्प सनशाइन १९८४ पासून अख्ख्या कुटुंबाला बोलावतं. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये कनेटिकटमध्ये होल इन द वॉल गँग कॅम्प सुरू केला. त्यातूनच पुढे सीरियसफन हे शिबिरांचं जाळं अनेक देशांत पसरलं. आयर्लंडमधलं बॅरेट्सटाउन, १९९४ मध्ये सुरू झालेलं, त्यातलंच. या शिबिरांत कुटुंबाकडून शुल्क घेत नाहीत.

शिबिर कुठलंही असो, नाव देण्याआधी फोन करून थेट विचारा. डॉक्टर रात्रीही आवारात राहतात का, की फक्त फोनवर असतात? तुमच्या मुलाच्या आजाराची मुलं सांभाळलेली नर्स पथकात आहे का? जवळचं मोठं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि शिबिराचं त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं असतं का? स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात का? एका मुलासोबत एकच मोठं माणूस बंद खोलीत कधीही राहणार नाही, असा नियम आहे का? हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. उत्तर देताना चिडणाऱ्या शिबिराला मी माझ्या वॉर्डातलं मूल पाठवणार नाही.

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात घट्ट कफ साचण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलांना मात्र एकमेकांसोबत शिबिरात ठेवत नाहीत. त्यांच्या फुप्फुसातले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून अशा दोन मुलांमध्ये किमान ६ फूट अंतर राखायला सांगतात. नकार आला तर तो तुमच्या मुलाला नाकारणं आहे असं समजू नका. घरबसल्या करायचे कार्यक्रम काही संस्था ठेवतात, त्यांची चौकशी करा.

डॉक्टरांशी बोलताना

‘पाठवू का?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच ऐकून घरी याल. तारखा पुढ्यात ठेवून बोला. कीमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. शिबिर नेमकं त्या दिवसांत येतंय का, पुढचा डोस दोन-चार दिवस सरकवता येईल का, हे डॉक्टरांनाच ठरवू दे. पण विचारायचं तुम्ही.

ताप कशाला म्हणायचं, ते आकड्यात लिहून मागा. बऱ्याच ठिकाणी एकदा ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला ३८ अंश ही रेषा धरतात. तुमच्या डॉक्टरांची रेषा वेगळी असेल तर तीच शिबिराला कळायला हवी. तापमान न बघता पॅरासिटामॉल द्यायचं नाही हेही त्याच कागदावर लिहा. घरी सवयीने दिलं जातं, आणि मग ताप झाकला जातो.

पाण्याचंही विचारा. पोर्ट, म्हणजे शिरेतून औषध द्यायला छातीत बसवलेली छोटी डबी, त्वचेखाली असेल आणि तिला सुई लावलेली नसेल, तर बहुतेक मुलांना पोहता येतं. औषधाची नळी छातीबाहेर असेल तर तलावात उतरायचं नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला थंड पाण्याने आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याने दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा मुलासाठी कोमट पाण्याचा तलाव आहे का, बाहेर आल्या आल्या कोरडा टॉवेल कोण देईल, इतकं बारीक बोलणं झालं पाहिजे.

फॉर्म

फॉर्म मोठा असतो. एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

औषधं आठवून लिहू नका. सगळ्या बाटल्या आणि पाकिटं टेबलावर मांडा आणि लेबलवरून उतरवा. ‘५ मिली सकाळी’ एवढ्याने आम्हाला काहीच कळत नाही, कारण तेच औषध दोन वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. एका मिलीत किती मिलिग्रॅम ते हवं. नक्की वेळ हवी. रिकाम्या पोटी की जेवणानंतर, ते हवं. आणि मूल ते कसं घेतं, हेही हवं. गोळी चुरून देता? नाक धरावं लागतं? घेतल्यावर लगेच पाणी लागतं? घरी अंगवळणी पडलेल्या या युक्त्या आम्हाला मिळाल्या, तर औषधाची वेळ दोन मिनिटांत उरकते आणि मूल परत खेळायला पळतं. नाही मिळाल्या, तर अर्धा तास रडारड होते आणि तोवर गटातली मुलं पुढे निघून गेलेली असतात.

मधुमेह असेल तर रोजची धावपळ किती असते तेही लिहा. शिबिरात मूल दिवसभर पळत असतं, त्यामुळे साखर पटकन खाली येते, तीही अनेकदा रात्री. म्हणून तिथले डॉक्टर बहुधा इन्सुलिनचा डोस कमी करतात आणि मध्यरात्रीही साखर बघतात. घरच्या गेल्या काही दिवसांच्या नोंदी सोबत दिल्यात तर हा अंदाज बराच नेमका बसतो.

मग येतं ते पान, जे बरेच पालक कोरं सोडतात: ‘मुलाबद्दल आणखी काही’. मी सगळ्यांत आधी तेच पान उघडते. दुखतंय हे तुमचं मूल कसं सांगतं? काही मुलं रडतात, काही एकदम गप्प होतात, आणि काही ‘मला झोप आलीये’ म्हणून कोपऱ्यात जाऊन बसतात. कुठल्या हातातून रक्त काढू देतो? टोपी काढायला सांगितलेलं चालतं का? स्टिरॉइडच्या दिवसांत रात्री भूक लागते का? अंथरूण ओलं होतं का? हे शेवटचं लिहायला पालकांना जड जातं, विशेषतः मूल दहा-अकरा वर्षांचं असेल तर. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं लघवी पुरेशी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे मोठ्या मुलांमध्येही हे सर्रास होतं. कीमोसोबत सलाइनमधून भरपूर पाणी दिलेल्या मुलांचंही तसंच. आम्हाला माहीत असलं, तर बाकीची मुलं उठायच्या आत गटाचे ताई किंवा दादा, म्हणजे स्वयंसेवक, चादर बदलून टाकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माहीत नसलं, तर सकाळी ते मूल एकटंच पांघरुणात बसून राहतं.

कांजिण्यांची चौकशी शिबिरवाले कडकपणे करतात. शिबिराआधीच्या तीन आठवड्यांत घरात, वर्गात, शेजारी कुणाला कांजिण्या आल्या असतील तर कळवा, अगदी निघायच्या दिवशी कळलं तरी. लागण झाल्यावर पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणजे धडधाकट दिसणारं भावंडही तो आजार घेऊन येऊ शकतं. आणि तिथे अशी मुलं असतात ज्यांच्यासाठी कांजिण्या जीवघेण्या ठरतात. तुमचं जाणं कदाचित रद्द होईल. तरीही कळवा.

आजाराचं नाव

यावर थोडं थांबून बोलायचं आहे, कारण इथे आई-बाबा सगळ्यांत जास्त अडतात.

बऱ्याच घरांत मुलाला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं. ‘रक्तात थोडा दोष आहे’, ‘गाठ झाली होती, काढली’ असं सांगून दिवस चाललेले असतात. त्यामागची माया मला रोज दिसते. पण शिबिरात मुलं एकमेकांशी बोलतात, आणि अगदी सरळ बोलतात. रात्री दिवे मालवल्यावर पलीकडच्या पलंगावरून प्रश्न येतो, ‘तुला ल्युकेमिया कधी झाला?’ त्या क्षणी तुमच्या मुलाला ते नाव पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

म्हणून निघायच्या निदान दोन आठवडे आधी सांगा. जमत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सोबत घ्या. लहान मुलासाठी तीन गोष्टी पुरतात: आजाराचं नाव, तो तुझ्या कुठल्याही वागण्यामुळे झालेला नाही, आणि तुझ्यामुळे तो दुसऱ्या कुणाला होणार नाही. मधल्या गोष्टीवर भर द्या. आपण हट्ट केला, खोटं बोललो म्हणून आजार झाला, असं मनात धरून बसलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. भावंडंही तसंच काहीतरी धरून बसतात. ‘मी तिला ढकललं होतं, म्हणून झालं.’ ती विचारत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही.

सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलंच असेल, तर घरी कोणते शब्द वापरता ते फॉर्मवर लिहा. आम्ही स्वतःहून वेगळा शब्द काढणार नाही. मात्र बाकीच्या मुलांना गप्प करू शकत नाही आणि करणारही नाही. त्यांना मोकळं बोलता येतं अशा जागा फार थोड्या आहेत.

बॅग

औषधं मूळ पाकिटांत द्या. दिवसांच्या डब्यांत भरून दिलेल्या गोळ्या आम्हाला ओळखता येत नाहीत, आणि बहुतेक शिबिरं त्या घेतही नाहीत. लागतील त्याहून दोन-तीन दिवसांची जास्त ठेवा. इन्सुलिन थंड पिशवीत असू दे, पण बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की निकामी होतं. काही औषधांनी त्वचा उन्हात लवकर भाजते, मेथोट्रेक्सेट आणि व्होरिकोनाझोल त्यातली. सनस्क्रीन आणि लांब बाह्यांचे पातळ कपडे विसरू नका. पोर्ट असेल तर पुढे बटणं असलेले शर्ट द्या. व्हीलचेअर विजेवर चालणारी असेल तर तिचा चार्जर वेगळा बांधून त्यावर नाव लिहा. रोजचं मऊ खेळणं बॅगेत तळाशी नको, वरच हवं.

निघताना

आधी एक-दोन रात्री आजीकडे किंवा मावशीकडे तुमच्याशिवाय राहू द्या. रुग्णालयात महिनोन्‌महिने आईचा हात धरून झोपलेल्या मुलाला एकदम लांब पाठवणं दोघांनाही अवघड जातं.

‘नाही करमलं तर लगेच न्यायला येईन’ असं म्हणू नका. बोलणारा प्रेमाने बोलतो, पण मूल पहिल्याच संध्याकाळी त्या वाक्यावर येऊन थांबतं. त्याऐवजी सांगा, घरची आठवण येईल, सगळ्यांनाच येते, आली की ताईला सांग. एखादं पत्र आधीच लिहून बॅगेत ठेवा. त्यात घरी तुझ्यावाचून काय काय अडलंय ते नको, तिथे काय बघशील ते असू दे.

आणि शिबिराशी ठरवून घ्या की तुम्हाला कशाकशासाठी फोन येईल: ताप, पडणं, औषध चुकणं, न थांबणारं रडणं. हे ठरलं की फोन न येण्याचा अर्थ तुम्हाला कळतो आणि रात्री थोडी झोप लागते.

तिथे मुलाला भिंत चढायची असेल तर दोर, हेल्मेट, प्रशिक्षित माणूस सगळं असतं. कृत्रिम पाय लावलेली मुलंही चढतात. कुठपर्यंत चढायचं ते मूल ठरवतं. तीन पायऱ्या चढून ‘बस’ म्हणालं तरी खाली तेवढ्याच टाळ्या पडतात. संध्याकाळी गटात बसून आज काय जमलं यावर बोलतात. खेळाइतकंच ते बोलणंही ठरवून आखलेलं असतं.

सगळं कुटुंब जाणार असेल तर

मग तुमचं काम सोडून देण्याचं आहे, आणि ते कठीण आहे. ताई भरवायला बसली की लगेच ‘तो असा नाही खात’ म्हणून पुढे होऊ नका. गरज पडली तर ती विचारेल. तो अर्धा तास दुसऱ्या मुलासोबत घालवा. आजारी भावाच्या किंवा बहिणीच्या तारखांभोवती घर फिरतं तेव्हा धडधाकट मूल स्वतःचं काही मागायचंच बंद करतं. एक पूर्ण सकाळ त्याला द्या, आणि त्या वेळात आजाराचा विषय त्याने काढला तरच काढा. बाबांनी पालकांच्या गप्पांना बसावंच. वॉर्डाच्या दारात महिनाभर न बोललेले बाबा तिथे दुसऱ्या बाबांशी तासभर बोलताना मी ऐकले आहेत.

परत आल्यावर

पहिला प्रश्न ‘औषधं घेतलीस ना?’ हा नको. आम्ही निघताना नोंदींचा कागद देतो, तो वाचा. मुलाला विचारा, कुणाशी गट्टी जमली?

दोन-तीन दिवस मूल थकलेलं, कधी चिडचिडं असेल. तिथे सगळ्यांनाच काही ना काही होतं, घरी आल्यावर परत ते एकटंच वेगळं. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) किंवा मधुमेह असलेली काही मुलं शिबिरात स्वतःचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकतात. तुमचं मूल शिकून आलं असेल तर सुई परत स्वतःच्या हातात घेऊ नका. शेजारी बसा, डोस तपासा, टोचू द्या त्यालाच. ताप आला तर रुग्णालयात शिबिराचा उल्लेख आवर्जून करा.

तिथे झालेल्या मित्रांपैकी कुणाचा आजार बळावू शकतो, कुणी जाऊही शकतं. अशी बातमी आली तर लपवू नका. मुलांचे आपसांत फोन चालू असतात, तुमच्याआधी त्यांना कळतं. ऐकल्यावर मूल पहिल्यांदा बहुधा ‘मलाही होईल का?’ असं विचारतं. त्याचं खरं उत्तर काय द्यायचं, ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि आठवडाभरात शिबिराला चार ओळी लिहा: फॉर्ममधलं काय उपयोगी पडलं, काय राहून गेलं, कुठली युक्ती आम्हाला जमली नाही. पुढच्या वेळी त्या मुलाच्या फाइलमध्ये तो कागद आम्हाला सगळ्यांत वर हवा असतो.