खांद्याला अल्ट्रासाउंड देताना या चुका टाळा

फिजिओथेरपीतली नवीन मुलं अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे दुखऱ्या भागाला ध्वनिलहरींचा शेक देणाऱ्या मशीनची बटणं लगेच शिकतात. पेशंटचा हात कुठे ठेवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि अल्ट्रासाउंड वाया जातो तो बहुतेक इथेच.

खांद्यात सहसा दुखावतो तो सुप्रास्पायनेटस या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. हात मांडीवर असला की त्याचा बराचसा भाग ॲक्रोमियन या खांद्याच्या टोकावरच्या हाडाखाली दडतो, आणि हाड ध्वनिलहरी अडवतं. फळ्यावर लिहून खांदा धरलेल्या एक बाई दुसरीकडे मशीनची सिटिंग घेऊन आमच्याकडे आल्या. "कसं देत होते, दाखवा बरं," म्हटलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि दंडावर बोट फिरवलं. म्हणजे सगळा शेक डेल्टॉइडला, दंडावरच्या स्नायूला! दुखतं दंडात, पण मूळ वर असतं. त्यांचा हात पाठीमागे कमरेवर नेला, टेंडन ॲक्रोमियनच्या पुढे आला, बोटाने दाबताच "हेच, हेच!" म्हणाल्या. बोटाला जागा सापडल्याशिवाय मी जेलची बाटली उचलत नाही. हात मागे जातच नसेल तर ओढू नका, आधी फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, आहे का बघा.

हेड, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, इस्त्रीसारखं एका जागी टेकवून मोबाइल बघणारेही भेटतात. पेशंट "आत हाडात ठणकतंय" म्हणाला, तर तो नाजूक नाही. हाडावरचं आवरण तापलंय. हेड फिरतं ठेवा, तीव्रता उतरवा. आणि हेडच्या दुप्पट जागेपलीकडे जाऊ नका, अख्खा खांदा सारवायचा नसतो.

जेलऐवजी घरचं पांढरं मलम नको, त्यातून लहरी नीट जात नाहीत. ताज्या सुजेत कंटिन्युअस (सलग लहरी) नको, पल्स्ड (थांबून थांबून) ठेवा. १ मेगाहर्ट्झच्या लहरी खोल जातात, ३ च्या वरवर. बारीक अंगाच्या पेशंटला मी ३ च लावते. कर्करोगाच्या गाठीवर किंवा पेसमेकरजवळ मशीन नेऊच नका. अधूनमधून हेडवर पाण्याचे थेंब टाकून बघा: थरथरले नाहीत तर मशीन दुरुस्तीला.

"चार सिटिंगमध्ये बरं करा" म्हणणाऱ्यांना मी व्हिएन्नाचा १९९९ चा अभ्यास सांगते. टेंडनमध्ये कॅल्शियम साठलेल्यांना सहा आठवड्यांत २४ सिटिंग दिली, एका गटाला खरी, दुसऱ्याला नुसती दाखवायला. शेवटी फरक दिसला, पण नऊ महिन्यांनी दुखण्यात आणि हात वापरण्यात दोन्ही गटांत फारसं अंतर उरलं नव्हतं. म्हणून माझ्याकडे आधी रबर बँडचे व्यायाम, मग मशीन. व्यायाम न करता आलात तर त्या दिवशी फक्त व्यायाम.