मकावचं पिल्लू घरी आणल्यावर: पहिला महिना

मकाव म्हणजे लांब शेपटीचा पोपट. त्याचं पिल्लू स्वतःच्या चोचीने पोटभर खात असेल, तरच घरी आणा. निळ्या-पिवळ्या जातीसारख्या मोठ्या मकावला त्यासाठी साधारण साडेतीन-चार महिने लागतात, कधी जास्तही. 'सिरिंजने भरवलं की लळा लागतो' असं सांगून त्याआधीची पिल्लं विकली जातात. लळा नंतरही लागतो. भरवायची पेज ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच असावी लागते. जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते, गार असेल तर अन्न तिथेच साठून आंबतं. चुकून श्वासनलिकेत गेली तर जीवावरच बेततं. नवख्याने या फंदात पडू नये.

पिंजऱ्याबरोबर ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या. खेळणी नंतर आणली तरी चालतील. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. आजारी पक्षी आजार लपवतो, आणि पिसांमुळे रोडावलेलं अंगही दिसत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं किंवा श्वासागणिक शेपूट हलणं दिसलं, तर काट्याचीही वाट पाहू नका.

नव्या घरात आल्यावर पिल्लू बऱ्याचदा पुन्हा मान हलवून, कुरकुरत भरवायला मागतं. लाड समजून दुर्लक्ष करू नका, ते खरंच कमी खात असतं. कोमट पाण्यात भिजवलेले पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) दिवसातून दोनदा हाताने द्या. खाणं सावरलं की हळूहळू थांबवा.

पिंजरा किमान ९० × १२० × १५० सेंमी, गजांमधलं अंतर अडीच ते पावणेचार सेंमी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, कारण पक्षी ती कुरतडतो आणि जस्त विषारी असतं. पिल्लं धडपडी असतात, म्हणून सुरुवातीला बसायच्या फांद्या खाली लावा आणि तळाशी टॉवेल अंथरा. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

आहारात पेलेट्स मुख्य, सोबत भाज्या, थोडी फळं आणि रोज दोन-चार कवचासकट अक्रोड-बदाम. अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी अजिबात नको. झोप अंधारात, शांततेत दहा ते बारा तास.

चोचीने हात चाचपणं म्हणजे चावणं नव्हे. या वयात ते सगळं चोचीनेच ओळखतं. हात झटकलात तर त्याला तो खेळ वाटेल. दाब वाढला की चोचीत लाकडाचा तुकडा द्या, तरीही थांबलं नाही तर न ओरडता खाली ठेवा. पहिल्या आठवड्यापासूनच रोज थोडा वेळ त्याला एकट्याने खेळू द्या. दिवसभर खांद्यावर मिरवलेला मकाव पुढे तुम्ही खोलीबाहेर गेलात की किंचाळतो, आणि तो आवाज भिंती अडवत नाहीत.