जलाशयावर सहकुटुंब फिरायला जाताना

बॅगा भरायच्या आधी एक चौकशी करा: जलाशयात सध्या पाणी किती आहे आणि विसर्ग चालू आहे का? पाणी भरलेलं असेल तर काठची पायवाट बुडालेली असू शकते. उतरलेलं असेल तर गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तो वरून वाळलेला दिसला तरी खाली पाय रुततो, आणि मुलांना नेमकं तेच मैदान वाटतं. म्हणून जिथून गवत सुरू होतं त्याच्या खाली उतरायचं नाही, हे घरीच ठरवून टाका. धरणाच्या खालच्या अंगाला नदीचं पात्र कितीही कोरडं असो, तिथे चटई पसरू नका. पाणी सोडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की आवरायला थांबायचं नाही, सरळ वर चढायचं.

समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण पाणी ओढ्याओढ्यातून आत शिरलेलं असल्याने वाट वळसे घेत वाढत जाते. मुलं बरोबर असतील तर ताशी दोन-तीन किलोमीटर धरा आणि परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, रेंजचा भरवसा नसतो. कधी परतणार ते घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

पोहण्याचा बेत असेल तर तो मी तरी रद्दच करीन. उन्हात वरचं पाणी कोमट लागतं, पण थोडं खाली ते एकदम गार असतं. तळाशी जुन्या भिंती, झाडांचे बुंधे असतात, आणि पाणी सोडायच्या दाराजवळची ओढ वरून कळत नाही. नावेत बसणार असाल तर मुलांच्या वजनाच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं. हवा भरलेली ट्यूब म्हणजे खेळणं. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, म्हणून काठावर एका मोठ्या माणसाने फोन खिशात ठेवून फक्त पाण्याकडे बघायचं. पाळी आलटूनपालटून लावा.

प्यायचं पाणी घरून न्या. हिरवट तवंग असलेल्या पाण्यातलं विष उकळूनही जात नाही, आणि कुत्रा बरोबर असेल तर त्याला दोरी लावाच, ते पाणी त्याच्या जिवावर बेतू शकतं.

बाकी नेहमीचंच: टोपी, वाऱ्यासाठी एखादा जाड कपडा, मोज्यांचा जादा जोड, कचऱ्याची पिशवी. गडगडाट ऐकू आला तर गाडीत बसा आणि शेवटच्या आवाजानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. गाडी लावतानाच फाटक किती वाजता बंद होतं ते वाचून घ्या.