साठीनंतर व्यायाम करताय? मग या चुका टाळा

घरातल्या ज्येष्ठांच्या व्यायामाचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं, "रोज चालतात की!" चालणं चांगलंच आहे, ते सोडू नकाच, पण सगळी भिस्त फक्त चालण्यावर ठेवणं ही माझ्या मते या वयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात, साठीनंतर हा वेग अजून वाढतो, आणि त्यातही ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून सावरायला जे स्नायूतंतू लागतात ते जास्त झिजतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना या तंतूंना कामच पडत नाही. म्हणून तर रोज तासभर फिरून येणारी माणसंही खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावताना दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना बघा, ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम तर सांगितलाच आहे, शिवाय किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्यावर भर देणारा व्यायामही सांगितलाय. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळूनच टाकतात.

ताकदीसाठी जिम लागतं हा समज

अजिबात नाही लागत. बिनहाताची, न घसरणारी एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, आता कंबरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं, आणि टाचांवर जोर देत उभं राहा. बसताना मनात चार आकडे मोजत खाली या. खरी गडबड इथेच होते, शेवटच्या वीतभर अंतरात लोक अंग सोडून देतात आणि धप्पकन बसतात. तो शेवटचा टप्पाच मांड्यांचा खरा व्यायाम आहे आणि पाठीच्या मणक्यांना हिसका बसू नये म्हणूनही तो हळूच व्हायला हवा.

उठताच येत नाहीये? सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा सुरुवातीला हात मांड्यांवर टेकवा. गुडघा दुखतोय? आधी बघा की उठताना गुडघे आत वळतायत का, पावलं फार पुढे राहिलीत का, आणि तरी दुखलं तर उंची अजून वाढवा. सहज जमायला लागलं की उशी काढा, मग हातात थोडं वजन घ्या. वर्षभर तेवढंच आणि तसंच करत राहिलात तर स्नायूंना वाढायचं काही कारणच उरत नाही.

कुठे आहोत ते कळायला हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, बाजूला कोणीतरी असू द्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांसाठी १२ आणि बायकांसाठी ११ पेक्षा कमी आकडा आला तर पडण्याचा धोका जास्त धरतात.

"आता या वयात काय होणार"

१९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या १० अशक्त माणसांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अर्थातच, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! त्यामुळे पासष्टीच्या माणसाला "तुम्ही बसा, आम्ही देतो आणून" म्हणणं प्रेमापोटी असलं तरी त्याने नुकसानच होतं. उठू द्या त्यांना, लागलं तर नुसतं शेजारी उभं राहा.

आजारपणानंतर तर हे फारच महत्त्वाचं. १० दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर निरोगी ज्येष्ठांच्या पायातलाही जवळपास १ किलो स्नायू गेल्याचं एका प्रयोगात दिसलंय. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून थोडं थोडं उठणं-बसणं सुरू करा, मात्र आजाराच्या आधी जेवढं करत होतात तिथूनच सुरू करायची घाई नको.

श्वास रोखणं आणि नाडीच्या आकड्यांमागे धावणं

जोर लावताना श्वास कोंडला की ब्लडप्रेशर एकदम वर जातं. उठताना तोंडाने श्वास सोडा, मोठ्याने आकडे मोजलेत तर श्वास आपोआप चालू राहतो. ब्लडप्रेशर किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर घड्याळावरच्या हार्ट रेटवर विसंबू नका, त्या गोळीने ठोके मुळातच कमी राहतात, मग माणूस आकडा गाठायला नको तेवढं दामटतो. त्यापेक्षा बोलून बघा, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे वेग बरोबर. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत असंही काही नाही, हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय.

तोलाचा व्यायाम भलत्या जागी करणं

खोलीच्या मधोमध एका पायावर उभं राहायचं धाडस करू नका. जड टेबलाला हात लावून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून उभे राहा, ते जमलं की हाताचं एकच बोट टेबलाला टेकवून, मग एका पायावर. पायात मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तर नकोच. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला बसून पाय हलवा, आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना उभं असतानाचंही ब्लडप्रेशर मोजायला सांगा, कधीकधी औषधाचा डोस कारणीभूत असतो. गोळी मनाने बंद करू नका मात्र.

प्रोटीनकडे दुर्लक्ष

वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, आणि एकाच जेवणात नाही, दिवसभरात वाटून. किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

प्रत्येक दुखणं सारखंच समजणं

दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, दोन दिवसांत कमी होणं, हे नॉर्मल आहे, व्यायाम बंद करायचं कारण नाही. सांध्यातलं दुखणं व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. सांधा सुजला, लाल झाला तर थांबा आणि दाखवून घ्या. हाडं ठिसूळ असतील तर वजन हातात घेऊन कंबरेत वाकणं, पाठ गोल करून पायाचे अंगठे धरणं टाळा, मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात पसरणारं दुखणं, नेहमीपेक्षा वेगळीच धाप, यातलं काहीही झालं की तिथेच थांबा, "गॅस असेल" म्हणत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.